एका मिलिमीटरचा नाद

गडमुडशिंगीत कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली, की पाच मिनिटांत सात माणसं जमतात आणि त्यांतले आठ जण मिस्त्री असतात. आठवा फोनवर असतो. चाकणला ड्युटीवर असलेला हा भिडू "आधी प्लग काढून बघा म्हणावं" असं तिकडून ओरडत असतो, आणि ज्याची गाडी आहे त्याला अजून गर्दीतून गाडीपर्यंत पोचता आलेलं नसतं.

यात माणसांचा दोष नाही, हवेचा आहे. एका अंगाला गोकुळ शिरगावची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला उचगाव, जरा पलीकडं शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली. या पट्ट्यात इतक्या फौंड्र्या आणि इतके लेथ आहेत, की उष्टावणाच्या भाताबरोबर पोराच्या पोटात थोडा लोखंडाचा कीसही जात असावा. उरलेल्या महाराष्ट्रात बीड हा जिल्हा आहे. आमच्याकडं बीड म्हणजे ओतीव लोखंड. "पाव्हणं बीडचं हाईत" असं सांगितलं, तर आमच्यातला एखादा त्यांना बोटाच्या पेरानं वाजवून बघेल.

बंद पडलेली वस्तू जगात कुणीही उघडतं. चालू असलेली उघडायला कोल्हापूरचं पाणी प्यावं लागतं. याच गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी सिनेमा दाखवायचं यंत्र समोर ठेवून सिनेमा घ्यायचं यंत्र बनवायचा घाट घातला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला, आणि 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. हा सगळा इतिहास मी एका रविवारी सकाळी बायकोला ऐकवला, कारण त्या वेळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझ्या मोटरसायकलचा सिलिंडर होता.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांनी कॅमेरा केला. तुम्ही काय करणार?"

"भोक मोठं करणार," मी म्हणालो.

मोठं सत्य कधीकधी फार लहान ऐकू येतं.

*

माझी मोटरसायकल म्हणजे आरएक्स 100. ज्यांना माहीत आहे त्यांनी इथं एक क्षण डोळे मिटावेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यामाहाची ही दोन स्ट्रोकची गाडी एस्कॉर्ट्सनं 1985 मध्ये भारतात आणली आणि 1996 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर, वजन शंभरेक किलो. सिलिंडरचा बोअर 50 मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली चालही 50 मिलिमीटर. म्हणजे आतली एकूण जागा कटिंग चहाच्या एका ग्लासाएवढी. एका कटिंगच्या जोरावर ही गाडी पश्चिम महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना कॉलेजला, तालमीला आणि काहींना बोहल्यावर घेऊन गेली. बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या किमतीचा विषय निघाला की माणसं सोन्याच्या भावाबद्दल बोलतात तसा आवाज खाली करून बोलतात.

माझी गाडी व्यवस्थित चालू होती. दुसऱ्या किकला सुरू व्हायची, चाळीसच्या आसपास अ‍ॅव्हरेज द्यायची, धूर बेताचा सोडायची. तिला काहीही झालेलं नव्हतं. जे झालं ते मला, आणि तेही फोनवर.

माझा मावसभाऊ न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये असतो. जन्म उचगावचा, म्हणजे हवा तीच. एका रात्री त्याचा फोन आला.

"काय करालाईस?" मी विचारलं.

"आरएक्सचं पोर्टिंग."

मी गादीवर उठून बसलो. न्यूझीलंडमध्ये आरएक्स! ऊर भरून आला. "किती सालची?"

"92 ची."

"चांगलं मॉडेल हाय. सिलिंडर उतरवलास?"

"ह्याला सिलिंडर नसतोय."

थोडी शांतता. "चोरीला गेला?"

"नसतोच भावा. असलं इंजिन हाय."

"मग पिस्टन कशात चालतोय?"

"पिस्टन पण नसतोय."

"आरं, मग पोर्टिंग कशाचं करालाईस, हँडलचं?"

अर्ध्या तासानं उलगडा झाला की त्याची आरएक्स म्हणजे माझदा आरएक्स 7, चार चाकांची, आणि तिच्यात रोटरी इंजिन. गंमत अशी की माझदानं 1968 मध्ये आलेली आपली एक छोटी रोटरी गाडी परदेशात आर 100 याच नावानं विकली होती. फक्त एक एक्स कमी. घराण्याचा संबंध जुळवायला आमच्याकडं याहून कमी पुरावा चालतो.

*

रोटरी इंजिन काय असतं ते त्यानं मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मी ते जसं समजलो तसं सांगतो. बसक्या आठच्या आकड्यासारखा एक डबा घ्या. त्यात तिन्ही बाजूंनी फुगलेला समोसा ठेवा. समोसा असा फिरवा की त्याची तिन्ही टोकं कायम डब्याच्या भिंतीला घासत राहतील. फिरता फिरता समोसा आणि भिंत यांच्यामधली जागा कधी मोठी होते, कधी लहान. मोठी होताना हवा आणि पेट्रोल आत, लहान होताना दाबलं, ठिणगी, भडका, आणि मग धूर बाहेर. तिन्ही बाजूंना हाच कार्यक्रम एका मागोमाग एक. वर-खाली काहीच नाही, सगळं गरागरा. समोसा एकदा फिरतो तेवढ्यात मधला दांडा तीनदा फिरतो. या दांड्याला इंग्रजीत विक्षिप्त अशा अर्थाचंच नाव आहे. प्रत्येक घरात असा एक विक्षिप्त असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरत असतात, हे बायकोनं पलीकडून न विचारता सांगितलं.

हे डोकं फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाचं. पहिलं पेटंट 1929 चं, आणि त्याच्या कल्पनेचं इंजिन एनएसयू कंपनीत पहिल्यांदा धडधडलं ते 1957 मध्ये. हा माणूस आयुष्यभर इंजिनाशी खेळला, पण स्वतःकडं गाडी चालवायचं लायसन त्यानं कधी घेतलं नाही असं सांगतात. आमच्या चौकातल्या आठपैकी पाच जणांना त्या दिवसापासून वांकेल जवळचा वाटतो.

पुढं जपानच्या माझदानं हे इंजिन मनावर घेतलं. केनिची यामामोटो नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली 47 जणांची टोळी बसवली. समोशाची टोकं भिंतीला घासून आत नागमोडी ओरखडे पडायचे. त्या ओरखड्यांना ते लोक 'सैतानाची नखं' म्हणायचे. 1967 मध्ये त्यांची कॉस्मो रस्त्यावर आली. 1991 मध्ये त्यांच्या 787 बी या गाडीनं फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. चार समोसे एका दांड्यावर, सातशेच्या आसपास हॉर्सपॉवर, गाडीचा नंबर 55.

"आणि आपल्याकडं?" मी विचारलं. मला वाटलं, आपल्याकडं नसेलच. पण आहे. आपल्या सैन्याच्या 'निशांत' या बिनपायलटच्या विमानासाठी 55 हॉर्सपॉवरचं वांकेल इंजिन देशातच बनवलं गेलं, आणि 2009 मध्ये ते विमान कर्नाटकात कोलारला उडालं. बंगळूरच्या संस्थांबरोबर त्यात तेव्हाच्या अहमदनगरच्या वाहन संशोधन आणि विकास आस्थापनेचाही हात होता. म्हणजे समोसा नगरपर्यंत आलेला आहे. तिथून कोल्हापूर एका एसटीचं अंतर.

*

आता मुद्द्यावर येतो, कारण मुद्दा खरंच सुंदर आहे.

साध्या चार स्ट्रोकच्या इंजिनाला व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्ह म्हणजे दारावरचा वॉचमन. कधी दार उघडायचं, कधी लावायचं, हे त्याला कॅमशाफ्ट सांगते. पण माझ्या आरएक्सच्या सिलिंडरला आणि भावाच्या आरएक्सच्या डब्याला असला कॅमशाफ्टचं ऐकणारा वॉचमनच नाही. दोघांच्याही भिंतीत नुसती भोकं. माझ्याकडं पिस्टन जाता-येता ती झाकतो आणि उघडतो, त्याच्याकडं समोसा. म्हणून भोक किती रुंद, किती उंच, त्याची कड कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हेच या इंजिनांचं घड्याळ. चार स्ट्रोकवाल्याला वेळ बदलायची तर कॅमशाफ्ट बदलावी लागते. आम्हाला नुसती कानस लागते.

साडेसात हजार आरपीएमला माझा पिस्टन सेकंदाला 125 वेळा खाली-वर जातो. एका फेरीला आठ मिलिसेकंद. त्यातला तुकडाच भोक उघडं असतं. तेवढ्यात हवेनं धावत यायचं, पेट्रोल बरोबर आणायचं, वळणावर वळायचं आणि दार लागायच्या आत आत शिरायचं. मुंबईच्या लोकलमध्ये चढणाऱ्या माणसालाही याहून जास्त सवलत मिळते. मग भोक जरा रुंद केलं, वाटेतले ओतकामाचे खवले घासून काढले, कड उशिरा बंद होईल अशी सरकवली, तर हवा जास्त शिरेल आणि ताकद वाढेल. हा हिशेब कागदावर इतका चोख आहे, की माणूस कागद सोडून कधी उठतो ते त्याचं त्याला कळत नाही.

भावाच्या दुनियेत या खोदकामाच्या पायऱ्या आहेत. बाजूच्या बिडाच्या पाट्यांमधली भोकं बेतानं वाढवली तर तो 'स्ट्रीट पोर्ट'. भोकाशेजारी दुसरं भोक पाडून मध्ये चिंचोळा पूल ठेवला तर 'ब्रिज पोर्ट'. तो पूल हौसेपायी नसतो. समोशाच्या कोपऱ्यातली सील त्या भोकात पडून जाऊ नये म्हणून तिला चालायला ठेवलेला तो बांध असतो. आणि बाजू सोडून थेट घेराच्या भिंतीलाच भोक पाडलं तर 'पेरिफेरल पोर्ट', ल मान्सच्या गाडीला होता तसला. आमच्या भाषेत मिडियम, तिखट आणि झणझणीत. ब्रिज पोर्टवाली गाडी उभ्या उभ्या उचकी लागल्यासारखी वाजते, आणि भावाच्या म्हणण्याप्रमाणं ती उचकी ऐकूनच लोक लाखो रुपये घालतात. उचकीवर उपाय म्हणून पाणी पितात हे आपल्याला माहीत होतं. ती विकत घेतात हे नवीन.

"तू तिकडं कर, मी हिकडं करतो," मी म्हणालो. इतिहासातली बरीच युद्धं अशाच वाक्यानं सुरू झाली असणार.

*

हत्यारांचा प्रश्न हुपरीनं सोडवला. आमच्या रस्त्यानं पुढं गेलं की हुपरी लागते, चांदीच्या दागिन्यांचं गाव. तिथं माझा मेहुणा चांदीकाम करतो. त्याच्याकडं छतावरून टांगलेली एक छोटी मोटर असते, तिला सापासारखा लवचीक दांडा आणि टोकाला पेन्सिलीएवढी मूठ. ज्या मशिनीनं पैंजणाच्या घुंगराची कड साफ करतात, तिनं सिलिंडरची कड का नाही होणार? मेहुण्यानं मशीन दिली. देताना "कशाला पायजे?" असं विचारलं. मी "घरगुती काम हाय" म्हणालो. खोटं नव्हतं.

आता नकाशा काढायचा. भावाकडं धातूवर फासायची निळी शाई होती, त्यावर सुईनं रेघ ओढली की ती चकचकीत दिसते. मी आधी कपड्यांची नीळ लावून बघितली. ती सिलिंडरला सोडून माझ्या बनियनला लागली. शेवटी बायकोची लाल नेलपॉलिश लावली, आणि सांगतो, त्या शाईनं सुद्धा लाजावं. बिडावर धरते, लगेच वाळते, रेघ सुतासारखी उमटते. भोकाच्या मापाचा पुठ्ठा हवा होता, तो एका लग्नपत्रिकेतून कापला. त्यामुळं माझ्या इनटेक पोर्टच्या नमुन्यावर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' अशी ओळ आली. हवेला याहून सभ्य निमंत्रण मिळणार नाही.

आरएक्सचा सिलिंडर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा आणि आत बिडाची लायनर. अ‍ॅल्युमिनियम लोण्यासारखं निघतं आणि माणसाला गर्व होतो. मग मशिनीचं टोक लायनरला लागतं, हाताला झिणझिण्या येतात, आणि गर्व उतरतो. तासाभरानं टोक बाजूला ठेवून मी आत करंगळी घातली. नख कडेवरून फिरवलं. जिथं बीड आणि अ‍ॅल्युमिनियम भेटतात तिथं आधी नखाला पायरी अडकायची, आता अडकत नव्हती. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला कळतं. त्या एका क्षणासाठी मी आयुष्यातले अनेक रविवार द्यायला तयार होतो, आणि पुढं दिलेही.

पण नाद असा, की नख अडकायचं थांबल्यावर थांबायचं असतं हे कळत नाही. मी मेहुण्याचं बफ लावलं आणि भोक आतून आरशासारखं चकाकवलं. त्यात मला माझा चेहरा दिसला. गांधीनगरच्या बाजारातून आणलेल्या चिंध्यांनी पुसला, परत बघितला. हात फिरतोच आहे म्हणून एक्झॉस्टचं छतही मिलिमीटरभर उचललं.

तेवढ्यात आमचे जुने मिस्त्री मामा आले. त्यांनी सिलिंडर उजेडाला धरला, एक डोळा मिटला आणि विचारलं, "पाव्हणं, पैंजण करालाईसा का सिलिंडर?"

मी म्हणालो, "हवा सरळ जावी म्हणून."

"हवा जाईल. पेट्रोल कसं जाईल? आरशावर फुंकर मारली की पाणी धरतंय का न्हाई? तसं गुळगुळीत भिंतीला पेट्रोल चिकटतंय आणि थेंब होऊन पडतंय. इनटेक जरा खडबडीतच ठेवायचा, धुकं धुकंच राहतंय. चकाकी एक्झॉस्टला द्यायची, तिथं काजळी धरत न्हाई." मग त्यांनी भोकाच्या रुंदीवर बोट ठेवलं. "आणि ह्याच्या म्होरं जाऊ नका. लई रुंद केलं की पिस्टनची रिंग त्यात फुगून बाहेर येते, कडेला अडकते आणि तुटते. कड जरा मारून घ्या, धार ठेवू नका."

ही खरडपट्टी मी निमूट ऐकली. सकाळपासून मी तेवढंच करत होतो, आता माझी पाळी होती. मिस्त्रींनी आधी सिलिंडरला कानस लावून दाखवली आणि मग माझी कानउघाडणी केली. दोन्ही कामं त्यांनी एकाच हातानं केली.

संध्याकाळी भाकरी करकर लागली. कुणी काही बोललं नाही. आईनं फक्त कोरभर भाकरी ताटाबाहेर काढून ठेवली. बायको म्हणाली, "मी काय सांगतो ऐका. सिलिंडर तरी बाहेर न्या, नाहीतर मला तरी." कोल्हापूरच्या बायका 'सांगतो, जातो' म्हणतात तेव्हा परक्यांना गंमत वाटते. नवऱ्यांना तो निकाल असतो.

*

तिकडं ऑकलंडमध्ये भावाचं खोदकाम माझ्यापुढं होतं. तो रोज फोटो पाठवायचा. आज अर्धा मिलिमीटर, उद्या आणखी जरा. एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. तिकडं दुपार झाली असणार.

"पाणी लागलं," तो म्हणाला.

मी झोपेत होतो, आणि आम्ही शेतकऱ्याची पोरं. "आरं वा! किती फुटांवर? पेढे वाट की!"

"विहिरीत न्हवं. इंजिनात."

त्या बिडाच्या पाट्या आतून पोकळ असतात, इंजिन थंड ठेवायला त्यातून पाणी फिरतं. भोक मोठं करता करता तो भिंतीतून आरपार पाण्याच्या वाटेत शिरला होता. खडकाला भोक पाडून पाणी लागलं तर गावजेवण घालतात. बिडाला भोक पाडून पाणी लागलं तर पाटी भंगारात घालतात. कृती तीच, फक्त जमीन वेगळी. मला इतकं वाईट वाटलं, की मी हसू गिळून फोन ठेवला आणि मग उशीत तोंड खुपसलं.

त्याला धीर देण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी म्हणालो, "धातू काढलेला परत येत न्हाई, एवढंच ध्यानात ठेव." हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं, कारण माझी गाडी अजून जोडायची होती.

*

आठवड्यानं गाडी जोडली. कार्ब्युरेटरचा जेट एक नंबर वाढवला. चौकातली आठही माणसं हजर होती, आठवा व्हिडिओवर. किक मारली. आवाज असा फाटला की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं गेली आणि कुत्री आली.

मी हुपरी रस्त्याला लागलो. पहिला गिअर, दुसरा गिअर... आणि गाडी काही हलेना. म्हणजे हलत होती, पण जड मनानं, सासरी निघालेल्या मुलीसारखी. पुढं उसाची ट्रॉली होती. आधीची आरएक्स असती तर मनगट वळायच्या आत पुढं गेलो असतो. आता मनगट पूर्ण वळलं तरी मी ट्रॉलीमागंच. ट्रॅक्टरवाला मागं वळून म्हणाला, "ढकलू का?"

आणि मग, काटा जिथं आधी गाडी दमायची त्याच्याही वर गेला, तेव्हा कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी ती सुटली. नाद खुळा! दोन सेकंद मी ल मान्सला होतो. तिसऱ्या सेकंदाला स्पीडब्रेकर आला.

हाच सगळा घोटाळा. एक्झॉस्टचं छत उचललं की धूर लवकर बाहेर पडतो, वर जोर येतो आणि खालचा जातो. ताकद वाढली होती, फक्त ती सात हजारांच्या वर राहायला गेली होती, आणि आमचा रस्ता चार हजारांच्या खाली राहतो. स्पीडब्रेकर, म्हैस, ट्रॉली, वरात, शाळा सुटलेली. या गावात माणूस सात हजारांवर पोचतो तो फक्त वीजबिल हातात आल्यावर. शेजारीच उजळाईवाडीचा विमानतळ आहे. त्याची धावपट्टी वाढवायला आमच्या गावची जमीन गेली. तेव्हा गावकऱ्यांनी विचारलं होतं की विमानाला एवढी लांब जागा कशाला लागते. मला ते उत्तर आता मिळालं. ज्याची ताकद वरच असते, त्याला तिथपर्यंत पोचायलाच अर्धा तालुका लागतो. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, असली इंजिनं तिथं शोभतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येतील ते बदल करायचे नसतात, हेही मला त्याच आठवड्यात एका हवालदारसाहेबांनी आदरपूर्वक समजावून सांगितलं. आवाज ऐकून ते दोन चौकांआधीच उभे होते.

अ‍ॅव्हरेज पंचवीसवर आलं. मिस्त्री मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहाचा ग्लास संपवला आणि तो माझ्यासमोर उपडा केला. म्हणाले, "ह्या ग्लासाचं तोंड किती बी मोठं करा पाव्हणं. कटिंग ते कटिंगच." मग उद्यमनगरातून एक जुना, हात न लागलेला सिलिंडर मिळवून त्यांनी तो बसवून दिला. आरएक्स पुन्हा दुसऱ्या किकला सुरू व्हायला लागली, आणि चौकातली आठ माणसं नाराज झाली.

*

मशीन हुपरीला परत द्यायची होती. दिवाळी आली म्हणून राहून गेली. आई शेव पाडायला बसली होती. पितळी सोऱ्याची मोठ्या भोकाची ताटली कुठं गेली ते सापडेना, नुसती बारीक होती. पीठ घट्ट, दांडा फिरवून फिरवून तिचे हात दुखले. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कोपऱ्यातल्या मशिनीकडं.

"ती तुझी मशीन चालतीया का अजून?"

मी धावत नेलपॉलिश आणली. या वेळी बायकोनं स्वतः दिली. पितळ फार गुणी धातू, बिडासारखं अंगावर येत नाही. बावीस भोकं, एकेक करून, सारख्या मापाची, कड मारून, धार न ठेवता. चकाकवायचा मोह झाला, तो आवरला. ताटली धुऊन सोऱ्यात बसवली. आईनं दांडा फिरवला, आणि शेव अशी सुळसुळ उतरली की कढईतल्या तेलालाही दम घ्यायला वेळ मिळाला नाही. घरातल्या तीन बायकांनी एकाच वेळी 'वा' म्हणावं असं काम माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. मी लगेच ऑकलंडला फोन लावून बातमी दिली.

"किती टक्के फ्लो वाढला?" त्यानं विचारलं.

मी आईला विचारलं.

ती डबा भरत होती. तिनं आत डोकावून बघितलं, डबा एकदा आपटला, शेव खाली बसू दिली. "लवकर झाली बघ," ती म्हणाली. "पण डबा तेवढाच भरलाय. पीठ कुठं जास्त हुतं?"